शाळेची सरासरी

मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा रानात गवताची काडी उरली नव्हती. एप्रिल कोरडा गेला, मे उजाडला, हिवाळा तोंडावर आला, तरी पेरणीचा पाऊस आला नाही. उत्तरेचा वारा सुटायचा आणि पल्कानाच्या शिवारातली लाल माती उचलून घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून टाकायचा. मेरिलिन पहाटे ती झाडून काढायची, संध्याकाळी परत तेवढीच माती यायची. गार्थ पॅस्को उठला की आधी नाक शिंकरायचा. रुमाल लाल व्हायचा. मग तो चहा ढोसायचा, टोप डोक्यावर दाबायचा आणि पिकअपकडे चालू लागायचा.

पिकअप चालवायची टेगन. दहा वर्षांची पोर, बुडाखाली उशी घेतल्याशिवाय काचेतून बाहेर दिसायचं नाही. पहिल्या गियरमध्ये गाडी टाकून ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि समोरच्या खांबावर नजर लावून सरळ रेषेत जायची. गार्थ मागच्या हौद्यात उभा राहून चाऱ्याच्या गठड्यांच्या दोऱ्या कापायचा, पेंढ्या खाली ढकलायचा, गोणीतलं जव ओतायचा. मेंढ्या धुळीतून धावत यायच्या. ज्यांच्या पोटात दोन-दोन कोकरं होती त्यांना धावता यायचं नाही. त्या मागून यायच्या, आणि तोवर जव संपत आलेलं असायचं.

"जरा हळू!" गार्थ ओरडायचा. "मागच्या मागेच राहिल्यात."

"याच्यापेक्षा हळू गेले तर बंद पडेल," टेगन खिडकीतून ओरडायची. "मग तू शिव्या देशील."

त्याची बायको मेरिलिन झाडलोट उरकून पहाटेच शहराकडे निघून जायची. तिथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. त्यामुळे सकाळी बापलेकच. चारा टाकून झाला की टेगन तोंड धुवायची, गणवेश चढवायची, आणि गार्थ तिला शाळेत सोडायचा. शाळा म्हणजे दोन वर्ग, एक पाण्याची टाकी आणि ज्याला सगळे मिरीचं झाड म्हणायचे त्या डेरेदार झाडाखालची बाकडी. गार्थही तिथंच शिकलेला. शिकलेला म्हणजे बसलेला. अक्षरं त्याच्याशी कधी नीट बोललीच नाहीत. शेवटच्या वर्षी नॉस्केबाई नव्यानं आल्या, तरण्याताठ्या होत्या तेव्हा, आणि त्यांनी त्याला रोज शाळा सुटल्यावर शेजारी बसवून निदान नाव-गाव, पाटी-फलक वाचण्यापुरता तरी तयार केला. आता बाईंचे केस पिकले होते, त्या मुख्याध्यापक होत्या, आणि शाळा सुटल्यावर टेगनला शेजारी बसवत होत्या.

टेगनचंही तसंच होतं. ओळीतली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं जागा बदलायची. पण यंदा काहीतरी सुटं झालं होतं. शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत ती पान संपवायची. लशीच्या बाटलीवरचं ती गार्थला वाचून दाखवायची.

"का-त-डी-खाली. कातडीखाली टोचा. बाबा, स्नायूत नाही. तू मागच्या वेळी स्नायूत टोचलंस."

"मेल्या का मेंढ्या?"

"नाही."

"मग झालं तर."

पण त्याला बरं वाटायचं. बाटली हातात धरून तो उगीच म्हणायचा, "पुढचं वाच."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा होती. साऱ्या देशातल्या पोरांना त्याच तीन दिवशी तेच पेपर, तिसरीला, पाचवीला नि सातवीला. त्या गुणांवरून शाळांची तुलना व्हायची. टेगन पाचवीत होती. तिनं दोन पेन्सिली टोकदार करून ठेवल्या होत्या आणि कुणी हात लावला की खेकसत होती.

*

त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी गार्थ एक मेलेली मेंढी ओढत होता. रात्री अडली असावी. कोकराचं डोकं बाहेर आलेलं, पाय आत अडकलेले, आणि कावळ्यांनी दोघांचेही डोळे काढले होते. मागचा पाय धरून तो तिला खड्ड्याकडे नेत होता तेवढ्यात नॉस्केबाईंची पांढरी गाडी धुरळा उडवत आली. टेगन त्या वेळी शाळेतच होती. धाकट्या मास्तरीणबाई वर्ग सांभाळत होत्या.

बाई उतरल्या. पायात शाळेतले बूट. जमिनीत रुतत रुतत त्या आल्या आणि मेंढीपासून चार हात अंतरावर थांबल्या.

"किती गेल्या रे?"

"मोजत नाही बाई."

"पाऊस येईल म्हणतात. महिनाअखेर."

"म्हणतात खरं."

बाईंनी केसांवरून हात फिरवला. वाऱ्यानं ते परत तोंडावर आले. मग त्या म्हणाल्या, "गार्थ, शिक्षण खात्याचा जिल्ह्याचा माणूस येऊन गेला. मागच्या खेपेला आपण तळाशी होतो. या खेपेलाही तसंच झालं तर शाळेचा विचार करावा लागेल म्हणाला. विचार करणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे."

"बंद."

"पोरांना पहाटे अंधारात बस धरावी लागेल. पहिलीतल्या पोरांनासुद्धा."

 मेंढीचा पाय त्याच्या हातातच होता.

"पाचवीत चारच पोरं," बाई म्हणाल्या. "चाळीस असती तर एखादं मागे राहिलं तरी खपतं. चारांत एक खाली गेलं की सगळ्यांची सरासरी खाली जाते. गैरहजर असलं तर ते धरतच नाहीत."

आता कुठं त्याच्या ध्यानात आलं. कान तापले. वर्गात फळ्यापुढं उभं केलं की तापायचे, तसेच.

"ती वाचते बाई आता. मला वाचून दाखवते."

"मला सांगतोस?" बाईंचा आवाज चिरकला. "मीच बसते ना तिच्याबरोबर? ती कुठून कुठं आली ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण ते मोजत नाहीत रे ते. कुठं पोचली एवढंच मोजतात. आणि ती अजून पोचली नाही."

दूरवर एक कोकरू ओरडत होतं. गार्थ तिकडं बघत राहिला.

"म्हणजे मी करू काय?"

"मी काहीच करायला सांगत नाही. मला तसं सांगताच येत नाही." बाईंनी नजर खाली वळवली आणि मेलेल्या मेंढीवर पडल्याबरोबर पुन्हा वर उचलली. "मी इतकंच म्हणते, मेंढ्या विताहेत. तुझ्या हाताखाली माणूस नाही. अशा दिवसांत कुणी आपलं पोर घरी ठेवलं तर त्याला कोण नावं ठेवणार?"

दुसरा कुणी असता तर गार्थनं त्याला गाडीत बसवून परत पाठवला असता. पण या बाईंनी त्याच्या बोटाला धरून बोट अक्षरांखाली फिरवलं होतं. त्यांच्यापुढं त्याला कधी 'नाही' म्हणता आलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. आणखी काही बोलायचं होतं बहुतेक, पण त्या गाडीकडं वळल्या. गार्थनं मेंढी खड्ड्यात लोटली. पाय इतका वेळ धरून ठेवल्यामुळं त्याची बोटं आखडली होती, उघडेनात.

*

शनिवारी मेरिलिन कपडे वाळत घालत होती. वारा पडला होता तोवर उरकायची घाई. गार्थ चिमटे हातात देत देत बोलला. तिनं ओली चादर तशीच खांद्यावर टाकली.

"आणि तू हो म्हणालास?"

"शाळा बंद झाली तर काय करशील?"

"मी शाळेचं विचारत नाही. तू हो म्हणालास का?"

"बरं म्हणालो."

"मला न विचारता."

"तू इथं नव्हतीस."

"मी कधीच इथं नसते, गार्थ. मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना खिमट भरवत असते. म्हणून माझ्या पोरीचं तू एकट्यानं ठरवायचं?" तिनं चादर दोरीवर फेकली. "त्या बाईला म्हणायचं होतंस, माझी पोर तुमची नाही का?"

गार्थनं पुढचा चिमटा पुढं केला. तो घेऊन ती म्हणाली, "सांग मग तिला. तूच सांग. मी सांगणार नाही. आणि खोटं सांगू नकोस."

शनिवार गेला. रविवारी दोघं हौदाची गळती बुजवत होती, तेव्हा सांगता आलं असतं. सोमवारी गाडीत सांगता आलं असतं. मंगळवारी सकाळी चारा टाकून झाल्यावर टेगन गणवेश घालून, आपली आपण वेणी घालून, दोन पेन्सिली मुठीत धरून बाहेर आली, तेव्हा त्याला सांगावंच लागलं.

"कपडे बदल पोरी. आज मला हात हवेत."

"आज परीक्षा आहे बाबा."

"माहीत आहे. मेंढ्यांना नाही ना माहीत. आज-उद्यात निम्म्या वितील."

"बाई रागावतील."

"बाईंना सांगितलंय मी."

टेगन जरा उभी राहिली. मग बापाच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आपली खूपच वाईट वेळ आहे का?"

"हो," गार्थ म्हणाला. तेवढं तरी खोटं नव्हतं.

ती आत गेली आणि बूट घालून आली.

ते तीन दिवस पोर राबली. कोरड्या नाल्याच्या काठानं दोघं फिरत. मेंढी लोळून पडलेली दिसली की गार्थ तिला उभी करायचा, टेगन मांड्यांनी आधार देऊन तोल येईस्तोवर धरून ठेवायची. आया टाकून गेल्या ती कोकरं तिनं जाकिटात घालून आणली, धुण्याच्या खोलीत हीटरपाशी ठेवली, बाटलीनं दूध पाजलं. बुधवारी एक पहिलारू अडली. गार्थचा पंजा फावड्याएवढा, आत जाईना. टेगननं बाही वर सारली, हाताला साबण चोळला आणि जमिनीवर गाल टेकवून पालथी पडली.

"काय लागतंय?"

"नाक... आणि एक पाय. दुसरा मागं दुमडलाय."

"खूर मुठीत धर. मुठीत, म्हणजे आतून फाटणार नाही. आता तुझ्याकडं आण."

मेंढीनं कळ दिली तशी टेगननं दात आवळले. तिचा हात आत चेपला जात होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात काढला नाही. मग कोकरू एकदम सुटलं आणि पिवळ्या पाण्यासकट तिच्या मांडीवर आलं. गार्थनं त्याच्या नाकात काडी घालून शिंक काढली. मेंढी वळली आणि चाटायला लागली. कोकराबरोबर दोनदा टेगनचा हातही चाटला.

टेगन हसत सुटली. "ती मलाच कोकरू समजते!"

गार्थही हसला. या तीन दिवसांत पोर एकदाही कुरकुरली नाही. बापाला आपली गरज आहे या आनंदात होती. 

गुरुवारी दुपारी पाण्याची टाकी भरायला दोघं रस्त्यावरच्या नळकोंड्यावर गेली. ट्रेव्हर लीनर्ट आधीच रांगेत होता. शाळा समितीचा अध्यक्ष, शेजारच्या रानाचा मालक, मोठ्या आवाजाचा आणि मनानं वाईट नव्हे असा माणूस. गार्थ नळी जोडत होता, टेगन पिकअपमध्ये बसली होती, काच खाली होती.

ट्रेव्हरनं गार्थच्या पाठीवर थाप मारली. "तुझे आभार मानायचे होते गड्या. सोपं नसतं हे. बाई सांगत होत्या, काहीही न विचारता हो म्हणालास. आपली शाळा वाचवलीस बघ."

"ट्रेव्हर..."

"नाही, खरंच. आमची ब्रायनी म्हणते पेपर अगदी सोपे होते. आता तीनही पोरं..." तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडं गेली, आणि तो गप्प झाला. टोप काढून परत घातला. "बरं, येतो मी," म्हणाला.

टाकी भरायला वेळ लागतो. गार्थ नळीपाशी उभा राहिला. गाडीत जाऊन बसायचं धाडस होईना.

परतताना टेगननं काच वर केली. मग म्हणाली, "मी वाचलं असतं."

"हं."

"हळू वाचलं असतं. पण वाचलं असतं."

"तिथं वेळ बांधून दिलेला असतो पोरी."

"बाईंना मी नको होते का?"

"तसं नाही."

"मग कसं?"

गार्थनं समोर बघितलं. वाऱ्यानं रस्त्यावर माती आडवी वाहत होती. बायको म्हणाली होती, खोटं सांगू नकोस. आणि खरं सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते. त्यानं गियर बदलला. घर आलं. टेगन उतरली आणि थेट कोकरांकडं गेली.

*

निकाल सप्टेंबरात, वसंत लागताना आला. पल्कानाची शाळा तळातून उठून पार वर गेली होती. जिल्ह्याचा माणूस स्वतः केक घेऊन आला. मिरीच्या झाडाखाली शेगडी मांडली, आणि सॉसेज भाजायला नेहमीप्रमाणं गार्थच. तो माणूस नॉस्केबाईंचा हात हातात घेऊन हलवत होता. "एवढ्याशा शाळेत हे तुम्ही कसं साधलंत ते इतरांनाही सांगायला हवं." बाई हसल्या. पाव घ्यायला त्या शेगडीपाशी आल्या तेव्हा त्यांनी गार्थकडं बघितलं. गार्थनं सॉसेज उलटलं.

टेगन ओट्यावर बसून पहिलीतल्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

शाळा सुटल्यावर बाईंपाशी बसणं तिनं मेपासूनच बंद केलं होतं. घरी काम आहे म्हणायची. बाईंनी दोनदा थांबवून बघितलं, मग तिसऱ्यांदा थांबवलं नाही. एकदा जंताच्या औषधाचा नवा डबा आला. गार्थनं तो तिच्यापुढं धरला.

"किती पाजायचं ते वाच बरं."

"तूच वाच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती हातातलं काम करत राहिली. गार्थनं डबा फिरवला, डोळ्यांजवळ नेला, उन्हात धरला. मेंढ्या वाड्यात कोंडून उभ्या होत्या. शेवटी त्यानं डबा खाली ठेवला आणि मेरिलिन येईपर्यंत काम थांबलं.

पुढच्या वर्षी तोच जिल्ह्याचा माणूस पुन्हा आला. या खेपेला केक नव्हता. गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून त्यानं भिंतीवर आकडे दाखवले. दुष्काळानं दोन कुटुंबं रान विकून गेली होती, पोरं आणखी कमी झाली होती. एका पोरामागं शाळेला पडणारा खर्च शहरातल्या शाळेच्या कितीतरी पट होता.

ट्रेव्हर उठला. "पण आमचे गुण बघा की! तुम्हीच तर येऊन कौतुक केलं होतंत!"

"गुण उत्तमच आहेत," तो माणूस अदबीनं म्हणाला. "गुणांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. प्रश्न खर्चाचा आहे. ती बाब वेगळी मोजतात."

 मग मेरिलिन हसली. एकटीच, मोठ्यानं, आणि लगेच तोंडावर हात धरून बाहेर निघून गेली. ट्रेव्हर खाली बसला. गार्थनं तिच्या मागं जायला हवं होतं. तो खुर्चीतच बसून राहिला. पहिल्या रांगेत नॉस्केबाई होत्या. त्यांची पाठ तेवढी त्याला दिसत होती.

डिसेंबरात वर्ष संपलं आणि शाळेला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी बाई एकेका पोराला जवळ घेत होत्या. टेगनपाशी आल्या आणि थांबल्या. ओठ हलले. टेगननंच हात पुढं केला.

"थँक्यू बाई," ती म्हणाली.

बाईंनी तो हात धरला. सोडवेना त्यांना. सोडला तेव्हा टेगन पिकअपकडं चालत गेली.

*

त्यानंतरच्या मे महिन्यात पाऊस वेळेवर आला होता. पल्कानाचं रान हिरवं झालं होतं, मेंढ्या गुडघाभर गवतात चरत होत्या, आणि कोकरं कुणाच्या मदतीवाचून होत होती. गार्थला बऱ्याच वर्षांनी सकाळी दुसरा चहा घेण्याइतकी उसंत होती. टेगन आता सातवीत होती. रोज अंधारात उठून, उजाडताच फाट्यावर शहराची बस धरायची.

त्या दिवशी ती कामाचे बूट घालून बाहेर आली. अंगावर जुनं जाकीट.

"बस चुकेल," गार्थ म्हणाला.

"आज नाही जात."

"का? बरं नाही?"

"आज परीक्षा आहे. ती, सगळ्या देशाची. सातवीला पुन्हा असते."

गार्थनं कप खाली ठेवला. "तिथल्या मास्तरांनी सांगितलं घरी राहायला?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही. तिथं कुणाला माहीत पण नाही अजून मी कशी आहे ते." ती बुटाची टाच ओट्यावर घासत होती. "मीच म्हटलं, त्यांना कशाला खाली ओढायचं."

गार्थ उठला. त्याला वाटलं पोरीला उचलावं, गाडीत घालावं आणि थेट त्या शाळेच्या दारात नेऊन उतरवावं. पण ती आता उचलण्याजोगी राहिली नव्हती.

"चल," तो म्हणाला. "मी सोडतो. कपडे बदल."

"नको बाबा."

"टेगन, ऐक."

"काम सांग काहीतरी."

"काम नाहीये. मेंढ्या चरताहेत. पाऊस झालाय. आज काही काम नाहीये."

"मग मी शोधते," म्हणाली आणि फाट्याकडच्या कुंपणाच्या दिशेनं चालू लागली. तिथं वाऱ्यानं एक खांब कलला होता.

गार्थ पहार आणि तार घेऊन तिच्या मागं गेला. ओल्या जमिनीत खड्डा सहज झाला. तिनं खांब सरळ धरला, त्यानं बुडाशी माती ठासली. ती तार ओढून धरत असताना तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी चुकलो पोरी. त्या दिवशी बाईंना नाही म्हणायला हवं होतं."

"हं," टेगन म्हणाली. कुणी वाऱ्यापावसाचं बोललं की म्हणावं तसं. "तार सोडू का?"

"थांब. अजून नको."

तेवढ्यात फाट्यावर बस आली. ड्रायव्हर थांबला, त्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि वाट बघितली. टेगननं मान वर केली नाही. गार्थनं हात वर केला. थांब म्हणून की जा म्हणून, ते ड्रायव्हरला कळलं नसावं. त्यानंही काचेतून हात वर केला, आणि बस निघून गेली.